पहिल्या उदाहरणातलं बटण

(यशवंतपूर, बेंगळुरू येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



पत्रिकेवर आजचा विषय वाचून काहींनी संयोजकांना विचारलं म्हणे, की साहित्य-इतिहास ऐकणाऱ्या सभेत 'फ्रंट-एंड फ्रेमवर्कचं डॉक्युमेंटेशन आणि ॲक्सेसिबिलिटी' हे काय काढलंत? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की डॉक्युमेंटेशन हेही गद्यच आहे. त्याचा वाचक वाक्य वाचतो आणि पुढच्याच मिनिटाला ते जसंच्या तसं अमलात आणतो. असा वाचक कादंबरीकाराच्या वाट्याला येत नाही. (बरंच आहे म्हणा.)

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. बँकेचं पान, रेल्वेचं आरक्षण, विजेचं बिल हे सगळं तुम्हाला ब्राउझरमध्ये दिसतं. त्यातली बटणं, याद्या, मेनू, वर उघडणाऱ्या छोट्या खिडक्या आता कुणी शून्यापासून लिहीत नाही. त्यासाठी फ्रेमवर्क असतात. फेसबुकमध्ये जॉर्डन वॉक यांनी सुरू केलेलं रिॲक्ट २०१३ मध्ये खुलं झालं, इव्हान यू यांचं व्ह्यू २०१४ मध्ये आलं, रिच हॅरिस यांचं स्वेल्ट २०१६ मध्ये. गूगलचं अँग्युलर आहेच. आणि ॲक्सेसिबिलिटी, सरकारी मराठीत सुगम्यता, म्हणजे ते पान ज्याला दिसत नाही, ज्याचा हात थरथरतो म्हणून माउस धरता येत नाही, ज्याला फिकट अक्षरं वाचता येत नाहीत, त्यालाही वापरता येणं. दृष्टिहीन माणूस स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्रॅम लावतो. तो पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो, आणि माणूस कळफलकावरून पुढे सरकतो.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. दृष्टिहीन माणसाला बँकेचं पान वापरता येईल की नाही, हे बँकेच्या बैठकीत फारसं ठरत नाही. ते बरंचसं आधीच ठरून गेलेलं असतं, फ्रेमवर्कच्या डॉक्युमेंटेशनमधल्या पहिल्या उदाहरणात.

नवा मुलगा कंपनीत लागतो. दुपारपर्यंत काहीतरी चालवून दाखवायचं असतं. तो डॉक्युमेंटेशन उघडतो, वरचे परिच्छेद ओलांडतो, करड्या चौकटीतला कोड उचलतो, आपल्या फाइलीत ठेवतो, रंग बदलतो. चाललं! याला मी आळस म्हणत नाही. सगळे असंच करतात, वीस वर्षं मुरलेलेही. म्हणून त्या चौकटीत जे असेल ते हजारो साइटवर जातं, आणि जे नसेल ते कुठेच जात नाही.

आता एक चौकट जवळून पाहू. रिॲक्टच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये नवशिक्यांसाठी एक धडा आहे: फुल्ली-गोळ्याचा खेळ बांधा. नऊ घरं, दोन खेळाडू, शेवटी कोण जिंकलं ते दाखवायचं. धडा उत्तम लिहिलेला आहे, मी तो शिकणाऱ्यांना आवर्जून देते. त्यातली एक गोष्ट दाद देण्यासारखी आहे. प्रत्येक घर हे खरंखुरं बटण आहे, एचटीएमएल या वेबपानांच्या भाषेतल्या 'बटन' टॅगने केलेलं. लेखकांना ते 'डिव्ह' या निनावी डब्यानेही करता आलं असतं आणि पडद्यावर काडीचा फरक दिसला नसता. पण डब्यावर टॅबच्या कळीने पोचता येत नाही, एंटर किंवा स्पेस दाबून तो चालत नाही, स्क्रीन रीडर त्याला बटण म्हणत नाही. खऱ्या बटणाला हे सगळं ब्राउझरकडून फुकट मिळतं. जगातल्या कितीतरी पानांवर अजून हे डबेच बटणाचं सोंग घेऊन बसले आहेत, आणि तेही कुठल्या ना कुठल्या उदाहरणातूनच आले आहेत.

मात्र तोच खेळ डोळे मिटून खेळायला बसा. स्क्रीन रीडर म्हणतो: बटण. पुढे सरका: बटण. पुन्हा: बटण. घर रिकामं आहे म्हणजे त्यात मजकूर नाही, आणि मजकूर नाही म्हणजे बटणाला नाव नाही. कुठली ओळ, कितवं घर, काही पत्ता नाही. एक घर दाबलं, त्यात फुल्ली आली. वरची ओळ बदलून आता पाळी गोळ्याची असं सांगू लागली, पण ती डोळ्यांनाच सांगते. कुणी जिंकलं तरी सगळं चिडीचूप. दुरुस्ती अगदी थोडी आहे. प्रत्येक बटणाला 'पहिली ओळ, दुसरं घर, रिकामं' असं नाव द्यायचं, आणि वरची ओळ बदलली की ती आपोआप वाचली जावी अशी खूण तिच्यावर करायची. मोजक्या ओळींचं काम.

धडा लिहिणाऱ्यांचा बचाव मला ठाऊक आहे. हा धडा 'स्टेट', म्हणजे प्रोग्रॅमने लक्षात ठेवायची बदलती माहिती, शिकवण्यासाठी आहे, त्यात सगळंच कोंबलं तर नवशिका गोंधळेल. बचावात तथ्य आहे, सोपेपणा हाही डॉक्युमेंटेशनचा धर्मच आहे. पण त्याच धड्यात आपण खेळाची मागची चाल परत आणायची सोय शिकवतो, ती काही कमी गुंतागुंतीची नाही. तेवढी जागा आहे, तर घराला नाव द्यायलाही आहे.

दुसरं उदाहरण 'टूडू-एमव्हीसी'चं. एकच छोटा कामांच्या यादीचा प्रोग्रॅम डझनावारी फ्रेमवर्कमध्ये लिहून ठेवायचा, म्हणजे त्यांची तुलना करता येईल, अशी ती कल्पना. कल्पना झकास, आणि अनेकांनी त्यावरूनच फ्रेमवर्क निवडलं. पण त्याच्या ठरलेल्या आराखड्यात काम दुरुस्त करायचं तर त्यावर माउसने दोनदा टिचकी मारायची, आणि काम पुसायचं बटण माउस वर नेल्यावरच उगवायचं. ज्याच्या हाती फक्त कळफलक आहे त्याला दुरुस्तीही नाही आणि एखादं काम थेट पुसणंही नाही. फ्रेमवर्क बदलत गेली, आराखडा एकच असल्याने ही अडचण मात्र प्रत्येकात इमाने-इतबारे उतरली.

याच्या अगदी उलट रीत कशी असते ते दाखवायला मी पुण्याकडे वळते. टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५ मध्ये पुण्याचा. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुण्याच्या वाडिया महाविद्यालयात गणित, मुंबईच्या आयआयटीत संगणकशास्त्र, आणि मग कॉर्नेल विद्यापीठात पीएच. डी. असा त्यांचा प्रवास. १९९४ च्या त्यांच्या प्रबंधातला 'ॲस्टर' हा प्रोग्रॅम गणिताची समीकरणं बोलून दाखवत असे. घातांक आला की आवाज वरच्या पट्टीत जायचा. त्यांच्या मार्गदर्शक कुत्र्याचं नावही ॲस्टरच. या प्रबंधाला एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेचा उत्कृष्ट प्रबंधाचा पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी त्यांनी 'ईमॅक्सपीक' खुलं केलं. ईमॅक्स या मजकूर-संपादनाच्या जुन्या आणि ताकदवान प्रोग्रॅमला त्यांनी वाचा दिली.

ईमॅक्सपीकचं वेगळेपण रामन स्वतः कॅलेंडरच्या उदाहरणाने समजावतात. साधा स्क्रीन रीडर कॅलेंडरच्या चौकटीवर गेला की 'एक' एवढंच म्हणतो, कारण पडद्यावर तेवढंच लिहिलेलं असतं. वार कुठला, महिना कुठला, ते डोळ्यांनी वर-खाली पाहून जुळवायचं. ईमॅक्सपीक मात्र पडदा वाचतच नाही. तो कॅलेंडरच्या प्रोग्रॅमलाच विचारतो आणि पूर्ण तारीख वारासकट सांगतो. मघाच्या नऊ निनावी बटणांचं दुखणं नेमकं हेच होतं: प्रोग्रॅमला घराची ओळ ठाऊक होती, पण ती कुणी बोलून दाखवायला सांगितली नव्हती.

आणखी एक गोष्ट माझ्यासारख्या डॉक्युमेंटेशनवालीला फार आवडते. ईमॅक्समध्ये प्रत्येक फंक्शनचं वर्णन त्या फंक्शनच्याच पोटात लिहायची प्रथा आहे, आणि काम करता करता एक-दोन कळा दाबून ते वाचता येतं. रामन यांनी वाचाही तशीच जोडली, मूळ फंक्शनला हात न लावता पण अगदी त्याला चिकटून. माहिती कामाजवळ, आवाजही कामाजवळ. २००५ मध्ये ते गूगलमध्ये गेले. तिथे त्यांनी आणि चार्ल्स चेन यांनी 'ॲक्सजॅक्स' केलं. पान न बदलता आतल्या आत हलणाऱ्या वेब-प्रोग्रॅमांना, म्हणजे आजच्या फ्रेमवर्कच्या पूर्वजांना, त्याने बाहेरून वाचा दिली. त्यासाठी ज्या खुणा वापरल्या त्यांचं प्रमाणीकरण तेव्हा चालू होतं. 'एरिया' या नावाने त्या २०१४ मध्ये अधिकृत झाल्या.

फ्रेमवर्कच्या पोटातल्या रचनेचाही इथे संबंध येतो. सुरुवातीची काही वर्षं रिॲक्टमध्ये प्रत्येक कंपोनंटला, म्हणजे पानाच्या सुट्या तुकड्याला, एकच बाहेरचं वेष्टण लागायचं. मग लोक सरसकट डिव्ह गुंडाळायचे. यादीच्या आत डिव्ह, तक्त्याच्या ओळीत डिव्ह. डोळ्यांना काही जाणवत नसे, पण यादी यादी उरत नसे आणि 'पाच नोंदींची यादी' असं जे ऐकू यायला हवं ते धड येत नसे. नोव्हेंबर २०१७ च्या १६.२ आवृत्तीत त्यासाठी 'फ्रॅगमेंट', म्हणजे पानात न उमटणारं वेष्टण, सुटसुटीतपणे लिहायची सोय आली. रकान्याचं लेबल रकान्याला जोडायला एक अद्वितीय खूण लागते, ती बनवायची सोय मार्च २०२२ च्या १८ व्या आवृत्तीत आली. दुसरा जुना खड्डा पान बदलण्याचा. अशा प्रोग्रॅममध्ये दुव्यावर टिचकी मारली की ब्राउझर नवं पान आणत नाही, आतला मजकूर तेवढा बदलतो. डोळस माणसाला नवं पान दिसतं, स्क्रीन रीडर गप्प. २०१९ मध्ये गॅट्सबी या फ्रेमवर्कच्या वतीने मार्सी सटन यांनी अपंग वापरकर्त्यांना बसवून यावर चाचण्या घेतल्या. 'काय चालतं' हे त्यांनी प्रत्यक्ष वापरणाऱ्यांना विचारलं, ही त्यातली मोलाची गोष्ट. आता नेक्स्ट, स्वेल्टकिट यांसारखी फ्रेमवर्क नव्या पानाचं नाव स्क्रीन रीडरकडून स्वतःहून वदवतात. डेव्हलपरने पानाला नाव तेवढं द्यायचं. स्वेल्टचा कंपायलर, म्हणजे कोडचं रूपांतर करणारा प्रोग्रॅम, तर चित्राला वर्णन दिलं नाही की कोड लिहितानाच टोकतो. असा टोकणारा इशारा हेही डॉक्युमेंटेशनच, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वाचलं जाणारं.

मग अडतं कुठे? बहुतेक डॉक्युमेंटेशनमध्ये ॲक्सेसिबिलिटीचं स्वतंत्र प्रकरण असतं. व्ह्यूचं आहे, आणि चांगलं आहे. ते आहे 'उत्तम पद्धती' या विभागात, कामगिरी आणि सुरक्षिततेच्या शेजारी. इथपर्यंत पोचणारा वाचक आधीच पटलेला असतो, न पटलेला पहिली चौकट उचलून केव्हाच गेलेला असतो. जवळचा दाखला घ्या. आपल्या यशवंतपूरच्या मेट्रो स्टेशनात, २०१४ पासून, फरशीवर दृष्टिहीनांसाठी पिवळे खडबडीत पट्टे आहेत. जपानमध्ये सेईइची मियाके यांनी १९६५ मध्ये ते योजले आणि १९६७ मध्ये ओकायामाच्या रस्त्यावर ते पहिल्यांदा बसले. लांब रेषा म्हणजे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा. स्टेशनात ते फरशीबरोबरच बसले म्हणून दारापासून फलाटापर्यंत सलग जातात. बाहेर या शहरातल्या फूटपाथांवर जिथे ते मागाहून चिकटवले आहेत, तिथे ते खांबापाशी संपलेले मी पाहिले आहेत. स्वतंत्र प्रकरण हा असा मागाहून चिकटवलेला पट्टा आहे.

परिणामाचा आकडाही उपलब्ध आहे. वेबएम ही अमेरिकेतली संस्था दरवर्षी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या दहा लाख साइटांची मुखपृष्ठं यंत्राने तपासते. २०२५ मध्ये ९४.८ टक्के पानांत सापडण्याजोगे दोष निघाले. सर्वाधिक दिसणारे दोषही दरसाल तेच: फिकट अक्षरं, वर्णन नसलेली चित्रं, लेबल नसलेले रकाने, रिकामे दुवे, रिकामी बटणं, आणि पानाची भाषा न सांगणं. यातला एकही अवघड तंत्राचा नाही. फिकटपणाचं मापही ठरलेलं आहे, अक्षर आणि पार्श्वभूमीचं प्रमाण किमान ४.५ ला १. ही सगळी पहिल्या चौकटीतली कामं आहेत.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण इथे वकील मंडळीही दिसताहेत. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात, तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने, त्या अधिनियमाच्या नियमावलीतला पंधरावा नियम कायद्याशी विसंगत ठरवला. कारण असं की कायदा सक्तीचे निकष मागतो आणि नियम नुसत्या शिफारशी पुढे करतो. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून आणि अमर जैन यांच्या याचिकांवर निकाल आला. बँक खात्याच्या ई-केवायसीत, म्हणजे ऑनलाइन ओळख-पडताळणीत, 'डोळे मिचकावा' म्हणत असत. ॲसिड हल्ल्यात पापण्या गेलेल्या बाईने काय मिचकावायचं? डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं न्यायालयाने सांगितलं आणि वीस निर्देश दिले. रतुरी निकाल वाचताना मला सारखं आमचं डॉक्युमेंटेशन आठवत होतं. आम्हीही मुख्य धड्यात काही बोलत नाही आणि शेवटच्या प्रकरणात शिफारशी करतो.

आता आपल्या भाषेकडे येते, कारण इथे तर आम्ही स्वतःच हातावर हात ठेवून बसलो आहोत. पानाची भाषा मराठी आहे ही खूण एचटीएमएलमध्ये दोन अक्षरांची. ती दिली की स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडू शकतो, आणि काही फाँटांत ल आणि श मराठी वळणाचे दिसतात. पण उदाहरणातल्या चौकटीत इंग्रजीची खूण असते, ती तशीच मराठी वृत्तपत्राच्या पानावर येते, आणि स्क्रीन रीडरला चुकीचा आवाज लागतो. अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची इंग्रजी हौस देवनागरीवर लादली की शिरोरेखा तुटते. ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने धरली की रफार कापला जातो. नावाचं पहिलं अक्षर गोलात दाखवणारे कंपोनंट तुम्ही पाहिले असतील. तिथे क्षितिजा 'क' होते आणि ज्ञानदा 'ज'. मुलींनी नावं ठेवू नयेत तर काय करावं! जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोड या सर्व लिप्यांच्या संगणकीय मानकाच्या १५.१ आवृत्तीत, २०२३ मध्ये, देवनागरीसाठी आला. अक्षर नीट तोडणारं साधन क्रोमपाठोपाठ २०२४ पासून फायरफॉक्समध्येही आहे. साधन आहे, उदाहरण नाही. एखाद्या फ्रेमवर्कच्या चौकटीत नमुन्याचं नाव म्हणून ज्ञानदा घातलं असतं, तर हा दोष पहिल्याच दिवशी दिसला असता.

जुन्या फाँटांचं पाप तर वेगळंच. युनिकोडपूर्वीच्या फाँटांत टंकलेला मराठी मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो. संगणकाच्या लेखी तो रोमन अक्षरांचा कचरा असतो, आणि स्क्रीन रीडर तो कचराच वाचतो. सही-शिक्क्याच्या कागदाचं स्कॅन करून चढवलेली पीडीएफ तर तोंडच उघडत नाही. त्यावर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारं तंत्र, हा उपाय. या सभागृहापासून फार दूर नसलेल्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. ए. जी. रामकृष्णन यांच्या प्रयोगशाळेने कन्नड आणि तमिळसाठी तो करून दाखवला. शेजारच्या भाषांचं काम बघून आपण नुसतं कौतुक करू नये.

भाषेचा प्रश्न डॉक्युमेंटेशनच्या गद्यालाही आहे. ते बहुतेक इंग्रजीत असतं आणि सोलापूर-बेळगावहून आलेली मुलं ते दुसऱ्या-तिसऱ्या भाषेत वाचतात. 'हे तर सहज कळेल' अशा थाटाची वाक्यं त्यांना आत येऊ देत नाहीत. व्ह्यू चीनमध्ये एवढं पसरलं त्यात चिनी डॉक्युमेंटेशनचा वाटा मोठा होता. मराठीत पूर्ण भाषांतर व्हावं असा माझा आग्रह नाही. निम्मं होऊन शिळं पडलेलं भाषांतर नसलेल्यापेक्षा वाईट. इंग्रजी सोपी करा, वाक्यं लहान ठेवा, चित्रात लिहिलेला कोड मजकुरातही द्या, एवढं झालं तरी पुष्कळ.

सभागृहात या धंद्यातली तरुण मंडळी बरीच आहेत. त्यांच्याशी थेट बोलते. मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेला आणि जेमी टेह या दृष्टिहीन साथीदारासह वाढवलेला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे, तो उतरवून घ्या. आपण ज्या फ्रेमवर्कवर काम करता त्याच्या डॉक्युमेंटेशनमधलं पहिलं उदाहरण चालवा आणि माउस बाजूला ठेवा. जिथे अडाल तिथे तीन गोष्टी लिहा: काय दाबलं, काय ऐकू आलं, काय ऐकू यायला हवं होतं. मग दुरुस्ती स्वतः करून पाठवा. रिॲक्ट, व्ह्यू यांची डॉक्युमेंटेशन खुली आहेत, सुचवलेला बदल लेखकांपर्यंत पोचतो. ओपन सोर्समध्ये शिरायला याहून सोपं दार मला माहीत नाही. स्वयंचलित तपासणीवर विसंबू नका. चित्राचं वर्णन म्हणून फाइलीचं नाव लिहिलं तरी यंत्र खूश होतं. ज्यांच्या कंपनीत स्वतःची कंपोनंटांची पेटी आहे, त्यांनी तिच्या माहितीपानावर एखादं देवनागरी नाव उद्याच घालून पाहावं.

आणि संयोजकांना एक विनंती. हे व्याख्यान छापून त्याची पीडीएफ ठेवणार असाल, तर मजकूर युनिकोडमध्ये ठेवा, भाषेची खूण मराठी द्या, आणि पानांचे फोटो काढून चढवू नका.